ज्या, सावली आणि दिनमान : साइन-फलाच्या अध्यापनाविषयी मार्कंडा परिसरातून एक विचार

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी पदवीच्या प्रथम वर्षाच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, काटकोन त्रिकोणात १२० अंशांचा कोन बसतच नाही. मग साइन १२० हे कोणत्या बाजूंचे गुणोत्तर?" मी फळ्यावर चार चरण काढले, कोणत्या चरणात कोणते गुणोत्तर धन आणि कोणते ऋण हे सांगितले, ३ चे वर्गमूळ भागिले २ असे उत्तर लिहिले आणि पुढच्या उदाहरणाकडे वळलो. तिने ते वहीत उतरवून घेतले. प्रश्न मात्र होता तेथेच राहिला, आणि तो अतिशय योग्य प्रश्न होता हे माझ्या लक्षात यावयास पुढची काही वर्षे जावी लागली.

आपल्याकडे दहावीच्या भूमितीत साइन हे काटकोन त्रिकोणातील संमुख बाजू आणि कर्ण यांचे गुणोत्तर म्हणून शिकविले जाते. कोन लघुकोन असतो. फार तर ० आणि ९० अंशांच्या किमती दिल्या जातात. अकरावीत एकक वर्तुळ येते, कोन कितीही मोठा वा ऋण होऊ शकतो, आणि बारावीपर्यंत तेच साइन एक आवर्ती फल बनून आलेखावर लाटेसारखे धावू लागते. मधल्या पायऱ्या पाठ्यपुस्तकात आहेत. त्या नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु गडचिरोली-चंद्रपूरच्या मराठी माध्यमाच्या शाळांतून आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने विज्ञान शाखेत याच टप्प्यावर शिक्षणाची भाषाही बहुधा बदलते. 'संमुख बाजू' गेली, 'नित्यसमानता' गेली, आणि जे उरले ते सूत्रांचा एक तक्ता. पुष्कळ विद्यार्थ्यांचे गणिताशी असलेले नाते या तक्त्यापाशी तुटते, असा माझा अनुभव आहे.

साइनचा जन्म त्रिकोणातील गुणोत्तर म्हणून झालेला नाही. ते प्रथमपासून वर्तुळातील एक लांबी होते, आणि कोनाबरोबर ती लांबी कशी बदलते हाच तिच्याविषयीचा पहिला प्रश्न होता, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. अध्यापनाचा प्रारंभ तेथून केल्यास फल आणि नित्यसमानता ही दोन स्वतंत्र प्रकरणे राहत नाहीत. त्यासाठी लागणारी सामग्री चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे, वैनगंगेच्या काठी, एक काठी आणि एक पंचांग एवढीच आहे.

धनुष्याची दोरी

भारतीय ज्योतिषाच्या परिभाषेत वर्तुळाचा कंस म्हणजे 'चाप', त्याची दोन टोके जोडणारी रेषा म्हणजे 'ज्या' आणि दोरीच्या मध्यापासून कंसापर्यंतचे अंतर म्हणजे 'शर'. धनुष्य, त्याची दोरी आणि बाण. आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यास हे चित्र काढून दाखवावे लागत नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने पूर्ण जीवांचे कोष्टक केले होते, त्यामुळे वर्तुळातील रेषांचे कोष्टक ही कल्पना केवळ आपली असे म्हणता येणार नाही. भारतीय गणितींनी दोरी अर्धी केली. दुप्पट चापाची अर्धी दोरी म्हणजे 'अर्धज्या', आणि पुढे बोलीच्या सोयीसाठी नुसतीच 'ज्या'. हेच आपले साइन. जीवा हा ज्याचाच पर्याय. अरबीत त्याचे 'जिबा' झाले, तोच अक्षरसमूह पुढे 'जैब' म्हणजे खिसा किंवा आखात असा वाचला गेला, आणि बाराव्या शतकातील लॅटिन भाषांतरकारांनी त्याचे 'सायनस' केले. विद्यार्थ्याला परका वाटणारा साइन हा शब्द असा मोठा वळसा घेऊन परत आलेला आपलाच शब्द आहे.

इ. स. ४९९ च्या 'आर्यभटीया'त पाव वर्तुळाचे २४ समान भाग केलेले आहेत. प्रत्येक भाग २२५ कलांचा, म्हणजे पावणेचार अंशांचा. परिघाच्या २१,६०० कला मानल्या तर त्रिज्या सुमारे ३४३८ कला येते, म्हणून कोष्टकाची त्रिज्या ३४३८. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की आर्यभटाने ज्यांच्या किमती दिलेल्या नाहीत. एका ज्येपासून पुढच्या ज्येपर्यंत किती वाढ होते ते अंतर दिले आहे. ही अंतरे २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९ अशी सुरू होऊन हळूहळू घटत शेवटी ५१, ३७, २२ आणि ७ वर येतात. चोवीसही अंतरांची बेरीज बरोबर ३४३८ भरते. पहिल्या आठांची बेरीज १७१९, म्हणजे त्रिज्येच्या नेमकी निम्मी. आठ भाग म्हणजे ३० अंश, आणि साइन ३० हे एक द्वितीयांश.

हे आकडे मी वर्गात आलेखाच्या कागदावर मांडून घेतो. आडव्या अक्षावर सारख्या पायऱ्या आणि उभ्या अक्षावर ही अंतरे एकावर एक रचत गेले की चढ आधी खडा, मग मंद आणि शेवटी जवळजवळ सपाट होतो. चोविसाव्या पायरीवर चाप ९० अंशांचा होतो. कोन वाढवीत राहिल्यास वर्तुळावरील बिंदू पलीकडच्या बाजूने उतरू लागतो आणि तीच अंतरे उलट्या क्रमाने, ७, २२, ३७, ५१ अशी वजा होऊ लागतात. १२० अंश म्हणजे बत्तिसावी पायरी. ३४३८ मधून उलट क्रमाची आठ अंतरे, म्हणजे ४६०, वजा केली की २९७८ उरतात. ६० अंशांची ज्याही २९७८ च आहे. त्या विद्यार्थिनीला हवे असलेले उत्तर हे होते. साइन १२० हे कोणत्याही त्रिकोणातील गुणोत्तर नाही. ती १२० अंश चालून गेलेल्या बिंदूची व्यासापासूनची उंची आहे.

अंतरांची अंतरे काढली तर आणखी एक गोष्ट दिसते. १, २, ३, ४, ५, ५, ६, ८ असे चढत जाणारे हे दुसरे अंतर त्या त्या ठिकाणच्या ज्येला सुमारे २२५ ने भागले असता येणारी संख्या आहे. ३० अंशांपाशी १७१९ भागिले २२५ म्हणजे साधारण साडेसात, आणि कोष्टकात ८. शेवटी ३४३१ भागिले २२५ म्हणजे सुमारे १५, आणि २२ वजा ७ म्हणजेही १५. लाट जितकी उंच तितका तिचा चढ वेगाने मंदावतो. दोलकाचे किंवा स्प्रिंगचे समीकरण लिहिताना भौतिकशास्त्राचे अध्यापक जे सांगतात ते हेच. भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांशी गणिताच्या अध्यापकाने निदान या एका पाठासाठी तरी बसून बोलावे, असे मला वाटते.

सावली आणि नित्यसमानता

'समीकरण' आणि 'नित्यसमानता' यांतील भेद परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून जवळजवळ नाहीसा झालेला आहे. डावी बाजू घ्यावी, तिची रूपे बदलावीत, उजवी बाजू मिळाली की 'सिद्ध झाले' असे लिहावे. काय सिद्ध झाले हे विचारू नये.

जुन्या ज्योतिषात सपाट भूमीवर १२ अंगुळांचा उभा शंकू रोवून त्याची सावली मोजीत. शंकू, सावली आणि शंकूच्या माथ्यापासून सावलीच्या टोकापर्यंतची रेषा, म्हणजे छायाकर्ण, यांचा काटकोन त्रिकोण होतो. सकाळी सावली लांब असते, मध्याह्नी आखूड, सायंकाळी पुन्हा लांब. कर्णही तसाच बदलतो. परंतु दिवसाच्या कोणत्याही क्षणी कर्णाच्या वर्गातून सावलीचा वर्ग वजा केला तर उत्तर १४४ च येते. सर्व पदांना १४४ ने भागले की सेक वर्ग वजा टॅन वर्ग बरोबर १ ही दहावीतील नित्यसमानता समोर उभी राहते. याउलट 'सावली बरोबर १२ अंगुळे' हे समीकरण आहे. सूर्य ४५ अंशांवर असेल त्याच क्षणी ते खरे ठरते, एरवी नाही. 'नित्य' या शब्दाचा अर्थ अंगणात असा दिवसभर पाहता येतो. बारा सेंटिमीटरच्या पेन्सिलीनेही हे जमते, पण १२० सेंटिमीटरची काठी अधिक चांगली, कारण सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे असल्याने सावलीची कड थोडी धूसरच पडते.

विषुवदिनी, म्हणजे २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास, मध्याह्नी पडणाऱ्या सावलीस 'पलभा' असे नाव आहे. पलभा म्हणजे १२ गुणिले अक्षांशाचा टॅन. मार्कंडा सुमारे २० उत्तर अक्षांशावर आहे. २० अंशांचा टॅन ०.३६४, तेव्हा येथील पलभा ४ अंगुळे २२ व्यंगुळे इतकी येते, आणि १२० सेंटिमीटरच्या काठीची सावली ४४ सेंटिमीटरला किंचित कमी. विद्यार्थ्याने स्वतः मोजलेल्या सावलीवरून आपल्या गावाचा अक्षांश काढणे हा त्रिकोणाचा उपयोग झाला, आणि तो मी कमी लेखीत नाही. त्रिकोणांच्या साखळीने हिंदुस्थान मोजणारा विल्यम लॅम्टन १८२३ मध्ये आपल्या शेजारच्या हिंगणघाट येथेच मरण पावला. त्याचे सारे कार्य एक पायारेषा, मोजलेले कोन आणि साइनचा नियम यांवर उभे होते. पण पलभेचे काम येथे संपत नाही.

तीस अधिक तीन

'तिळातिळाने दिवस मोठा होतो' असे आपण संक्रांतीच्या वेळी म्हणतो. हा तीळ केवढा असतो?

विषुवदिनी दिवस आणि रात्र प्रत्येकी ३० घटींची. त्यानंतर सूर्य उत्तरेकडे सरकू लागतो. विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर म्हणजे क्रांती, आणि ती जास्तीत जास्त सुमारे २३.४ अंशांची. क्रांती उत्तर असता आपल्याकडे सूर्य विषुवदिनाच्या मानाने लवकर उगवतो आणि तितकाच उशिरा मावळतो. या फरकास 'चर' म्हणतात आणि त्याचा नियम असा :

साइन (चर) = टॅन (अक्षांश) × टॅन (क्रांती)

अक्षांशाचा टॅन काठीच्या सावलीने आधीच दिलेला आहे, ०.३६४. परमक्रांतीचा टॅन ०.४३४. गुणाकार ०.१५८, आणि त्यावरून चर सुमारे ९ अंश. आकाश ६० घटींत ३६० अंश फिरते, म्हणजे एका घटीत ६ अंश. तेव्हा ९ अंशांची दीड घटी. सकाळची दीड आणि सायंकाळची दीड मिळून ३ घटी. जूनमधील सर्वांत मोठा दिवस ३३ घटींचा, म्हणजे सुमारे १३ तास १२ मिनिटांचा, आणि डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस २७ घटींचा, म्हणजे सुमारे १० तास ४८ मिनिटांचा. मार्चमधल्या एका दुपारी मोजलेल्या सावलीवरून जूनमधला दिवस सांगता येतो. दिनदर्शिकेत छापलेल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून दिनमान काढल्यास ते सात-आठ मिनिटांनी अधिक भरेल. वातावरणामुळे सूर्यकिरण वाकतात आणि सूर्योदय हा बिंबाच्या वरच्या कडेचा धरला जातो, त्याचा हा परिणाम. विद्यार्थ्यांनी ही तफावत स्वतः शोधून काढली तर उत्तम.

यावरून वर्षभराचे दिनमान पुष्कळ अंशी पुढील फलाने व्यक्त होते :

दिनमान (घटी) = ३० + ३ × साइन (क)

येथे 'क' म्हणजे वसंतविषुवापासून लोटलेल्या दिवसांचे अंशांत केलेले माप. वर्षाचे ३६५ दिवस म्हणजे ३६० अंश. मध्यमान ३०, आयाम ३, आवर्तनकाल एक वर्ष. आयाम, आवर्तनकाल आणि आरंभबिंदू या तीन संज्ञा विद्यार्थी पुस्तकात व्याख्या म्हणून वाचतात. येथे त्या तिन्ही गावाच्या आकाशात सापडतात. भामरागडच्या विद्यार्थ्याचा आयाम मार्कंड्याहून किंचित कमी येईल, काश्मीरचा बराच जास्त. विषुववृत्तावर अक्षांशाचा टॅन शून्य असल्याने तेथे लाटच उरत नाही. काटेकोरपणे पाहता क्रांतीच्या टॅनमुळे ही शुद्ध साइन-लाट नव्हे, हे विद्यार्थ्यांना सांगावे. परंतु आपल्या अक्षांशावर फरक लहान आहे.

आता तिळाचा हिशेब. या लाटेचा आयाम मिनिटांत सुमारे ७२. लाटेचा चढ मध्यरेषेपाशी सर्वांत खडा असतो, तेथे दिवस रोज सुमारे सव्वा मिनिटाने वाढतो. डिसेंबरच्या अयनबिंदूपाशी वाढ शून्य. अयनचलनामुळे मकरसंक्रांत आता अयनाच्या तीन आठवड्यांहून अधिक मागे पडली आहे. १४ जानेवारीस रोजची वाढ सुमारे अर्धे मिनिट भरते. तीळ म्हणावा इतकीच. मार्कंड्याला महाशिवरात्रीची जत्रा भरते तेव्हा, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या पूर्वार्धापर्यंत केव्हाही, दिवस रोज एक मिनिट किंवा त्याहून थोडा अधिक वाढत असतो. संक्रांतीच्या निदान दुप्पट. म्हण ज्यांनी केली त्यांनी आलेख काढला नव्हता, पण लाटेच्या तळाशी बदल मंद असतो हे निरीक्षण तिच्यात बिनचूक आले आहे.

पंचांगकर्त्यांची एक जुनी रीत येथे सांगण्याजोगी आहे. पलभेस १०, ८ आणि ३ पूर्णांक एक तृतीयांश यांनी गुणून तीन राशींची 'चरखंडे' पळांत काढीत. आपल्या पलभेवरून ती सुमारे ४४, ३५ आणि साडेचौदा येतात. बेरीज ९३ पळे, म्हणजे वरची दीड घटीच. १०, ८, ३ पूर्णांक एक तृतीयांश या घटत्या संख्या म्हणजे आर्यभटाच्या घटत्या अंतरांचेच स्थूल रूप. गणेश दैवज्ञाने १५२० च्या सुमारास रचलेल्या 'ग्रहलाघवा'त ज्या आणि चाप यांना पूर्ण फाटा देऊन ग्रहगणित सांगितले आणि महाराष्ट्रात तो ग्रंथ शतकानुशतके चालला. सोय अलौकिक होती. परंतु सूत्र राहिले आणि ज्या दिसेनाशी झाली. आजच्या वर्गात आपण पाहतो ती परिस्थिती फार वेगळी नाही.

समासभावना

वरील फलात दिवस वसंतविषुवापासून मोजले आहेत. विद्यार्थ्याची वही मात्र १ जानेवारीपासून सुरू होते. २१ मार्च हा वर्षाचा ८० वा दिवस, म्हणजे सुमारे ७९ अंश. जानेवारीपासून मोजलेल्या कोनास 'ख' म्हटले तर साइन (ख − ७९) असे लिहावे लागेल. दोन कोनांच्या वजाबाकीच्या साइनचे सूत्र येथे आवश्यक ठरते :

साइन (ख − ७९) = साइन ख × कोसाइन ७९ − कोसाइन ख × साइन ७९

किमती घातल्यावर दिनमान = ३० + ०.५७ × साइन ख − २.९४ × कोसाइन ख. एका लाटेच्या जागी दोन लाटा आल्या. विद्यार्थ्यास विचारावे : मग ती ३ घटींची लाट कोठे गेली? ०.५७ चा वर्ग आणि २.९४ चा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ काढले की पुन्हा ३ हाती येतात. साइन वर्ग अधिक कोसाइन वर्ग बरोबर १, ही सर्वांत अगोदर पाठ केलेली नित्यसमानता येथे एवढेच सांगते की आरंभबिंदू बदलल्याने दिवसाची लांबी बदलत नाही. नित्यसमानता म्हणजे तीच लाट दुसऱ्या ठिकाणावरून पाहणे, हे पटल्यावर 'सिद्ध करा'च्या उदाहरणांतही विद्यार्थी निराळा वागतो.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायास जोडलेल्या 'ज्योत्पत्ति' प्रकरणात हीच सूत्रे 'समासभावना' आणि 'अंतरभावना' या नावांनी आली आहेत. तेथे त्यांचे काम सिद्ध करून दाखविण्याचे नाही, कोष्टक तयार करण्याचे आहे. ज्या माहीत असलेल्या चापात १ अंश मिळवायचा असेल तर ज्येतून तिचा ६५६९ वा भाग वजा करावा आणि कोटिज्येचा १० भागिले ५७३ पट भाग त्यात मिळवावा. १ अंशाच्या कोसाइन आणि साइनची ही अपूर्णांकरूपे आहेत. आजच्या गणकयंत्रावर ती सहाव्या दशांशस्थळापर्यंत जुळतात. शून्यापासून निघून ही क्रिया तीस वेळा केली की साइन ३० जवळजवळ ०.५ येते. साध्या गणकयंत्रावर अर्ध्या तासात हे होते. कोटिज्या प्रत्येक पायरीस हवी असते, ती कोठून आणायची हा प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारतात, आणि वर्गांच्या बेरजेची नित्यसमानता त्यांना स्वतःच आठवते.

भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांनी चाळीसगावजवळील पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि त्यास दिलेल्या दानांची नोंद शके ११२८ च्या शिलालेखात आहे. हा लेख भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. मार्कंड्याची मंदिरे साधारण त्याच शतकांतली. 'ज्योत्पत्ति' शिकविण्यासाठी अनुदान मिळालेली संस्था महाराष्ट्रात आठशे वर्षांपूर्वी होती, हे अनुदानाच्या पत्रव्यवहारात दिवस घालविणाऱ्या अध्यापकास क्षणभर सुखावणारे आहे. तथापि या इतिहासाचा वर्गातील उपयोग गौरवगानासाठी करू नये. विद्यार्थ्याच्या हाती कोष्टक आणि काठी द्यावी, नावे मागाहून सांगावीत.

वर्गातील व्यवहार

या साऱ्यास चार ते पाच तासिका लागतात. अभ्यासक्रमात त्यांच्यासाठी जागा नाही, आणि परीक्षेत पलभा विचारली जाणार नाही, हे दोन्ही आक्षेप रास्त आहेत. पहिल्याविषयी माझा अनुभव असा की आर्यभटाची अंतरे मांडून झाल्यावर चार चरणांतील चिन्हांचा तक्ता वेगळा शिकवावा लागत नाही. त्यात वाचलेला वेळ बराचसा भरून निघतो. दुसऱ्याविषयी सांगण्यासारखे इतकेच की 'सिद्ध करा'ची उदाहरणे मी वगळत नाही, त्यांच्या आधी सावली येते.

ऋतूंची अडचण मात्र खरी आहे. २० अंशांवर सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो, २० मे आणि २४ जुलैच्या सुमारास, आणि तेव्हा मध्याह्नी काठीची सावली नाहीशी होते. मे महिन्यात महाविद्यालय बंद असते आणि जुलैचा दिवस बहुधा पावसात जातो. विषुवदिनांपैकी सप्टेंबरचा सत्राच्या दृष्टीने सोयीचा, पण आकाशाचा भरवसा नाही. मार्चमध्ये आकाश स्वच्छ असते आणि परीक्षा सुरू असतात. आम्ही काठी दोन्ही वेळा बाहेर काढतो. सप्टेंबरमध्ये ढग असले तर शेजारच्या एखाद्या दिवशीची सावली मोजतो आणि त्या दिवसाच्या क्रांतीची दुरुस्ती करतो. त्या दुरुस्तीसाठीही साइनच लागते.